जरा वर धर

“आता ‘आयात करा’वर क्लिक करा, बाबा. आणि मग हात बाजूला ठेवा. त्याचं ते बघेल,” लेक फोनवर म्हणाली.

फोटोवाल्याने क्लिक केलं आणि खरोखरच मोकळा हात मांडीवर ठेवला. जुनं भाड्याचं सॉफ्टवेअर त्याच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालेनासं झालं होतं. म्हणून गेले पंधरा दिवस तो लेकीच्या मदतीने नवी घडी बसवत होता. जगभरच्या कुणाकुणा भल्या माणसांनी मिळून लिहिलेली आणि फुकट वाटलेली दोन सॉफ्टवेअरं. एकात फोटो निवडायचे नि रंग ठीक करायचे, दुसऱ्यात चेहऱ्यावरचे डाग पुसायचे. आणा, निवडा, रंग बघा, डाग पुसा, पाठवा. पाच पायऱ्या त्याने पुठ्ठ्यावर लिहून समोरच्या भिंतीला चिकटवल्या होत्या. त्या शिकताना त्याच्या नाकी नऊ आले होते. पण खरं सांगायचं तर त्याचा जीव धंद्यात नव्हताच.

त्याची बायको आठ महिन्यांपासून लेकीकडे राहत होती. भांडण नाही, आदळआपट नाही. एका सकाळी तिने बॅग भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, “चौदा वर्षं तुमच्याबरोबर फोटोचे दिवे वाहिले. सगळ्या जगाचे फोटो काढलेत तुम्ही. माझा एक दाखवा. त्या दिवशी परत येते.”

तेव्हा तो हसला होता. फोटोवाल्याच्या घरात फोटोंना काय तोटा? मग त्याने कपाटं पालथी घातली, डबे उपसले, आणि हसू कुठल्या कुठे पळालं. त्यांच्या लग्नाचे फोटो दुसऱ्याने काढलेले होते. लेकीचे ढीगभर होते. बायकोचा, त्याने काढलेला, एकही सापडेना. अजूनही कामाला निघताना तो जिन्यात थांबून मागे बघायचा, दिव्यांची पिशवी घेऊन ती आली का म्हणून. तिची त्याला फार आठवण यायची. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

पडदा हळूहळू जुन्या फोटोंनी भरू लागला. चौदा वर्षांची कामं, एकामागून एक. आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीला, पहिल्याच फोटोत, ती.

फोटोवाला खुर्चीत ताठ झाला. काम सुरू करताना तो राखाडी रंगाच्या एका कार्डाचा फोटो घ्यायचा. त्या राखाडीवरून मग बाकी सगळ्या फोटोंचे रंग लावायचे, अशी त्याची पद्धत. कार्ड कोणीतरी धरायला लागतं. ते बायको धरायची. तो कॅमेऱ्यामागून म्हणायचा, “जरा वर धर.” मग घरी येऊन कार्ड किती नीट आलंय त्याप्रमाणे त्या फोटोला तारे द्यायचा. ताऱ्यांच्या बाबतीत स्वारीचा हात फार आखडता. पुऱ्या पाच ताऱ्यांचा फोटो आपण कधी काढला असेल, असं त्यालाही वाटत नव्हतं. रंग लागले की कार्डाच्या फोटोचं काम संपलं. गिऱ्हाइकाला तो दिसू नये म्हणून जुन्या सॉफ्टवेअरला त्याने ते सगळे लपवायला शिकवलं होतं. नव्याला त्याच्या या खोडी कुठून ठाऊक असणार? त्याने सगळं चव्हाट्यावर आणलं, ताऱ्यांसकट.

लग्नाच्या हॉलमध्ये ती. कारखान्याच्या फाटकाशी ती. शाळेच्या पटांगणात, उन्हाने डोळे बारीक केलेली ती. केस काळेभोर, कार्ड छातीशी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू फोटो तिचाच निघतोय. त्याचा ऊर भरून आला. त्याने तेवढे कार्डाचे फोटो वेगळे काढले, पडद्याच्या तळाशी त्यांचा आकडा पाहिला आणि फोनमध्ये जवळजवळ ओरडलाच, “आईला दे! आधी आईला फोन दे!”

फोनवर थोडी खुडबूड झाली. मग तिचा आवाज आला. “काय हो?”

“अगं, एक म्हणालीस ना? चारशे बारा आहेत! सगळे मी काढलेले. आज निघतेस की मी घ्यायला येऊ?”

“कार्डाचे ना?” तिने विचारलं.

“कार्डाचे असले म्हणून काय झालं? तू आहेस ना त्यात. चांगली हसतेयस.”

“हसायचे मी, सुरुवातीला. वाटायचं, कधीतरी कार्डाच्या वरही बघाल.” मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “शेवटचा बघितलात?”

फोन कानाशी तसाच धरून तो खाली सरकू लागला. वर्षं भराभर गेली. केस पांढरे झाले. कार्ड छातीवरून हनुवटीशी आलं. फोटोखालच्या एका ताऱ्याचे दोन झाले. कार्ड ओठांवर आलं, हसू त्याच्या मागे गेलं, आणि तारे तीन झाले. कार्ड नाकापर्यंत चढलं. नुसते डोळे उरले, सरळ त्याच्याकडे बघणारे. तिथे चार होते. “जरा वर धर,” त्याला स्वतःचाच आवाज आठवला. ती दर वेळी ऐकत गेली होती.

तिचा शेवटचा फोटो ती गेली त्याच आठवड्यातला. त्यात दहा बोटं होती आणि कार्ड होतं. चेहरा नव्हता.

त्याखाली, त्याने स्वतःच दिलेले, पाच तारे होते.