फिरती ढाल

जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या फुटबॉल संघांची आजवरच्या यशावरून क्रमवारी लावायला सगळे कोच जमले होते. "पहिला नंबर आमचाच," सरनोबत सर बशीतला चहा फुंकत म्हणाले. "वीस वर्षांत आम्हाला कुणी हरवलेलं नाही."

"हरवणार कसं?" शेजारच्या कॉलेजचे इंगवले सर म्हणाले. "सलग तीनदा जिंकलात आणि नियमानं फिरती ढाल कायमची घेऊन गेलात. नवी ढाल कुणी दिली नाही. स्पर्धाच बंद पडली."

पहिला नंबर एकमतानं सरनोबतांना मिळाला. टाळ्याही झाल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या परवानगीनं ढाल काखोटीला मारून ते इंगवल्यांच्या कॉलेजात पोचले. टेबलावर ती ठेवत म्हणाले, "यंदा स्पर्धा भरवा. आम्हाला हरवायला कुणीतरी लागतं हो."