पाठीमागचा नळ

"घर नको मला," बद्रीनाथ म्हणाले. "काय करू घेऊन? गुरं बांधू का तुमच्या हॉलात?"

मुकुंदरावांना हे अपेक्षित नव्हतं. गेला आठवडाभर ते या क्षणाची तयारी करत होते. माणूस संकोचेल, कदाचित डोळ्यांत पाणी येईल, असं त्यांना वाटलं होतं. बद्रीनाथांनी मात्र व्हरांड्यातल्या खुर्चीत पाय पसरले आणि टोपीने वारा घेतला.

गारखेड्याच्या पलीकडची ही सगळी जमीन एकेकाळी बद्रीनाथांची. तिथे आता सोसायटी होती. बद्रीनाथांची आणि त्यांच्या भावकीची घरं कंपाउंडच्या भिंतीमागे उरली होती, शहराच्या हद्दीला चिकटून, पण हद्दीबाहेर. यंदा दुष्काळाचं तिसरं वर्ष. बोअर आटले होते. टँकर सोसायटीच्या हौदात रिकामा व्हायचा आणि हौदाचा एक नळ पाठीमागच्या भिंतीतून वस्तीकडे जायचा. मागच्या सभेत त्या नळाला कुलूप घालायचं ठरलं. दिवसातून एकदा सोडायचा, तोही सेक्रेटरींनी. सेक्रेटरी मुकुंदराव.

तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात आफ्रिकेचा इतिहास शिकवला होता. घानात इंग्रज साहेब नोकरीला आला होता. जमीन तिथल्या लोकांकडेच राहिली, म्हणून वेळ आली तेव्हा तो झेंडा उतरवून बोटीत बसला. केनियात गोरा कायमचा राहायला आला. त्याने चांगली जमीन धरली, मळे लावले, घरं बांधली. तो उठेना, म्हणून तिथे रक्त सांडलं. हे सगळं त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. आणि आता रोज दुपारी भिंतीमागे हंड्यांची रांग दिसली, की आपण यातले कोण हे त्यांना विचारावंही लागत नव्हतं.

म्हणून त्यांनी ठरवलं. ज्याची जमीन त्याला परत द्यायची आणि निघायचं.

"पुण्याला लेकाकडे जायचंय तर सरळ जाऊ म्हणा," त्यांची बायको अंबिकाबाई म्हणाल्या होत्या. "त्यासाठी आफ्रिका कशाला मध्ये आणता?"

"बद्रीभाऊ," मुकुंदराव आता समजावणीच्या सुरात म्हणाले, "ही जमीन तुमची होती. आम्ही बाहेरून आलो आणि बसलो."

"बसले म्हणजे? तोफा घेऊन आलते का?" बद्रीनाथ हसले. "म्या इकली. खुशीनं इकली. पेढे वाटले. जीप घेतली, उरलेले पैसे थोरल्याच्या लग्नात उडवले. तुम्ही कशाला उगं वझं घेता?"

दाराशी बद्रीनाथांची बायको आशाबाई पदर सावरून उभी होती. बस म्हटलं तरी ती बसली नव्हती. "सरांनी जायचं नाय," ती नवऱ्याला म्हणाली. "सांगा की."

"तेच सांगतो. सर, तुम्ही गेल्यावर इथं कोण येईल? एखादा गाळेवाला, दुकानं काढायला. तो नळच उपटून टाकील. तुम्ही फोन केला का टँकर येतो. आम्ही केला का, कोण बोलतंय म्हणतेत."

मुकुंदरावांच्या अंगातलं काहीतरी सैल झालं. थकवा होता, पण तो बरा वाटणारा. म्हणजे जायला नको. पुस्तकांची खोकी नकोत, पुण्याचा तो सहावा मजला नको. शिवाय हे लोकच थांबा म्हणतायत. त्यांनी अंबिकाबाईंना चहा टाकायला सांगितलं.

"मग मी राहावं, असं तुमचं म्हणणं?"

"राहा ना. जायला कोण म्हणतंय? लई वर्सं राहा." बद्रीनाथांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "फक्त किल्ली आमच्याकडं द्या."

"कसली किल्ली?"

"नळाची," आशाबाई म्हणाली. "तुम्ही दुपारचे झोपता. बाया उन्हात बसून राहतेत, सर उठले का नाय म्हणून. पाणी आम्हीबी मोजूनच घेऊ, सर. तुमच्यापेक्षा घागरभर जास्ती नाय. पण तुम्ही सोडलं म्हणून नाय."

तिने हात पुढे केला.

मुकुंदरावांचा हात शर्टाच्या गळ्याशी गेला. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली होती. त्यांचे वडील तिजोरीची बांधत, तशी. घर देऊ करताना जे मनात आलं नव्हतं ते आता आलं. सभेचा ठराव होता. सोसायटीतले लोक काय म्हणतील? वस्तीत भांडणं झाली, हौद रिकामा झाला, तर जबाबदार कोण?

"देऊ की," ते म्हणाले. "तुमचीच आहे ती. पण एवढ्यात नको. थोडं थांबा. आधी नीट पद्धत बसू दे. तुमच्या लोकांना अजून सवय नाही."

आशाबाईने हात मागे घेतला नाही.

मुकुंदराव तोंड अर्धवट उघडं ठेवून बसले. शेवटचं वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ते त्यांनी मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावलं होतं. केनियातला मळेवाला अगदी हेच म्हणाला होता. आणि तो निघून गेलेला, घानातला भला साहेब, तोही.

त्यांनी मान खाली घातली आणि जानव्याची गाठ सोडायला घेतली.