वस्तादांची बरगडी

कुस्ती शिकवता शिकवता वस्ताद लाल मातीत कोसळले, तसे पैलवान तेल घेऊन त्यांचे तळपाय चोळू लागले.

आखाड्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही, हा वस्तादांचाच नियम. नर्स असलेल्या त्यांच्या सुनेनं दुधाची कासंडी उंबऱ्यावरच टाकली आणि आत उडी घेतली. नाडी लागत नव्हती.

"तेल ठेवा, ॲम्ब्युलन्स बोलवा!" म्हणत ती दोन्ही तळव्यांनी सासऱ्यांची छाती दाबत राहिली. आत काहीतरी कडकन मोडलं, तरी ती थांबली नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यात तिनं मान खाली घालून सांगितलं, "मामंजी, तुमची बरगडी मोडली माझ्या हातनं."

भेटायला आलेल्या पैलवानांसमोर वस्तादांनी तिचा हात धरून वर उचलला. "पन्नास वर्षं मातीत काढली, पण एकाही गड्याला जमलं नाही. माझ्या सुनेनं मोडली!"