नवऱ्याचं नाव

साहेबाने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? मधुसूदनपंतांनी ते मराठीत करून सांगितलं आणि खुर्चीत मागे रेलून खुशाल डोळे मिटले. आता घटकाभर तरी निवांतपणा होता.

ठाण्याच्या कचेरीत दुभाष्याचं काम करता करता त्यांना ही सवयच जडली होती. हा प्रश्न आला की बाया पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागत. कुणी पदर चावी, कुणी 'आमच्या बाब्याचे वडील' एवढं म्हणून थांबे, आणि एकीने तर चक्क भोकाड पसरलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. साहेबाला ते कुठून ठाऊक असणार? तो बिचारा टेबलावर बोटं वाजवत बसे, आणि पंतांना तेवढ्यात झकास डुलकी मिळे.

खिडकीतून खाडीचा वारा येत होता. दुपारच्या उन्हात मिठागरं अशी चकाकत होती की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, काही कळेना. पंत मिटल्या डोळ्यांनीच एका गलबतात जाऊन बसले. गलबत निघालं आफ्रिकेत, मोंबाशाला. तिकडे आगगाडीचा नवा रस्ता पडत होता आणि इकडची कितीतरी माणसं कामाला गेली होती. पंतांनी मुंबईपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण मोंबाशाचे माड त्यांना घरच्यासारखे माहीत. तिथली वाळू पिठीसारखी मऊ, आणि संध्याकाळ झाली की ती संपायचं नावच घेत नसे.

"नरहर केशव बिवलकर," समोरची बाई म्हणाली.

पंतांनी खाडकन डोळे उघडले.

बाईचं नाव गोदा. कल्याणची, वय विशीच्या आसपास. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. दीर तिला सकाळच्या गाडीने घेऊन आला होता आणि बाहेर ओट्यावर पान चघळत बसला होता. नवरा मोंबाशाला रेल्वेत कारकून. त्यानेच मागे तिकिटाची तजवीज करून तिला बोलावून घेतलं होतं. बोट परवा सुटणार, आणि साहेबाच्या सहीचा दाखला नसेल तर तिला बोटीच्या शिडीवरही कुणी पाय ठेवू देणार नव्हतं. नियम कडक झाले होते. दलाल लोक कुणाही बाईला कुणाचीही बायको म्हणून बोटीवर घालत, आणि तिकडे उतरल्यावर तिची काय गत होई ती न बोललेलीच बरी.

म्हणून तर पंतांनी मनाशी एक खूण बांधली होती. दलालाने पढवलेली बाई नवऱ्याचं नाव धडाधड सांगते, खरी बायको मेली तरी सांगत नाही. या एका खुणेवर त्यांनी कितीतरी खोट्या बायका ओळखून परत पाठवल्या होत्या. साहेब त्यांच्या हुशारीवर खूश होता. ही खूण मात्र पंतांनी साहेबाच्या कानावर कधी घातली नाही. सगळंच सांगून टाकलं तर मग दुभाष्याला कोण विचारतो?

साहेब पुढचे प्रश्न विचारत गेला. गोदा खाडीकडे बघत उत्तरं देत होती. ते ताकभात आधी खातात, वरणभात मागून. झोपेत हसतात. डाव्या भुवईवर लहानपणी भोवरा लागल्याची खूण आहे. ती हळू आवाजात बोलत होती, स्वप्न मोडू नये म्हणून कुणी कुजबुजावं तशी, आणि पंतांना वाटलं, असं कुणाला पढवता येत नाही. पण नाव? नाव कसं घेतलं हिने?

साहेबाचं समाधान झालं. त्याने टाक दौतीत बुडवला. पंतांची स्वतःची लेक याच वयाची होती. ही खोटी असली तर पोरगी परवा कुणाच्या घशात जाणार होती, कुणास ठाऊक.

ते पुढे वाकले. साहेबाला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा आवाज चढवायची गरज नव्हती.

"मुली, खरी बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. त्याचं आयुष्य कमी होतं. तू घेतलंस. खरं सांग, कोण आहेस तू?"

गोदाने पहिल्यांदाच खिडकीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांची बायकोच आहे मी, काका. पण आता काय कमी व्हायचं राहिलंय त्यांचं? तिकडे तापाने गेले. त्यांच्या शेजारचा डेनिस शिंपी, आपल्या कोलशेतचा, तो गावी आलाय. मी विहिरीवर एकटी होते तेव्हा त्याने कल्याणला येऊन सांगितलं. घरी अजून कुणाला माहीत नाही. कळलं की न्हावी बोलावतील, केस उतरवतील, आणि मग जन्मभर माजघराचा कोपरा. डेनिसची बायको तिकडे शिवणाचं दुकान चालवते, ती मला ठेवून घेणार आहे. मला जाऊ द्या."

टाक हातात तसाच धरून साहेबाने वर पाहिलं. ही बाई एवढं काय बोलली, त्याने विचारलं.

"काही नाही, साहेब," पंत म्हणाले. "म्हणते, नवरा तिकडे वाट बघतोय, बोट चुकायला नको."