न हललेला आकडा

“अकरा दिवसांत शेवटचा आकडासुद्धा हलला नाही? टिपणीसबाई, ही नोंदवही तुम्ही घरी बसून लिहिलेली दिसते.”

वीस हजार व्होल्टचा दाब दशलक्षांशापर्यंत अचूक मोजणारे ते उपकरण आठवड्याभरात कणभौतिकीच्या एका प्रयोगासाठी रवाना व्हायचे होते. प्रमाणपत्रावर सही माझी लागणार होती. आणि नोंदी बनावट ठरल्या, तर बाईंची नोकरी जाणार होती.

“मग सर, आज रीडिंग तुम्हीच घ्या,” त्या म्हणाल्या. “फक्त खोलीच्या काचेबाहेरून घ्या. माझी तशीच पद्धत आहे.”

“फार सोयीची पद्धत आहे!” असे म्हणत मी खोलीत शिरलो आणि उपकरणाभोवतीच्या जाळीला खुर्ची लावून बसलो. तासाभरात शेवटचा आकडा सरकला. पाठोपाठ त्याच्या डावीकडचाही. संशय खरा ठरल्याचे जे समाधान मला झाले, ते लपवण्याचे कष्टही मी घेतले नाहीत.

“आता बाहेर या,” बाई म्हणाल्या. त्यांनी दार लावून घेतले आणि माझ्या हाती दुर्बीण दिली. “त्याला माणसाच्या अंगाची ऊबही सोसत नाही. अकरा दिवस मी आत पाऊल ठेवलेले नाही.”

मी काचेपाशी उभा राहिलो, तो हटलोच नाही. दोन तासांनी दोन्ही आकडे नोंदवहीतल्या जागी परतले. मी प्रमाणपत्रावर सही केली.

“सर, यापूर्वीची चौदा उपकरणे तुम्हीच तपासलीत ना?” त्यांनी हलकेच विचारले. “कुठून?”

“जवळ बसून,” मी म्हणालो.