दुसरं पिवळं कार्ड
पेनल्टीची शिट्टी वाजली आणि लगेच पंचाच्या मनात पाल चुकचुकली. पण हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे गेला होता, सगळ्या मैदानाने तो पाहिला होता.

सामना बरोबरीत होता आणि संपत आलेला. बचाव करणाऱ्या संघाचे पाच-सहा जण पंचाच्या अंगावर धावून आले. त्याने तळहात पुढे केला. "फक्त कॅप्टन बोलेल. बाकीचे मागे!"

कॅप्टनच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "पाय लागलाच नाही त्याला, आपला आपण पडला! डोळे आहेत की बटणं?"

प्रेक्षक खो खो हसले. कॅप्टनला आधीच एक पिवळं कार्ड मिळालेलं. पंचाने दुसरं काढलं, त्यामागोमाग लाल. कॅप्टनने दंडावरची पट्टी ओरबाडून गोलकीपरच्या हातात कोंबली आणि तो मैदानाबाहेर चालू लागला.

गोलकीपर वयाने सगळ्यांत मोठा. पट्टी चढवत तो म्हणाला, "सर, तुम्ही पाहिलंत ना? मग झालं."

पाहिलं होतं? मधे एका धिप्पाड खेळाडूची पाठ होती. पंचाला दिसला तो पडलेला माणूस, ऐकू आली ती आरोळी. अजून किक बसली नव्हती, तोवर निर्णय फिरवता येत होता. नंतर ब्रह्मदेवाच्या बापालाही नाही. लोक म्हणतील, टरकला. म्हणोत बापडे.

"पेनल्टी रद्द. मला नीट दिसलं नव्हतं. चुकलो."

आगीतून फुफाट्यात! आता दुसरा संघ अंगावर आला. त्यांनाही तोच तळहात, तेच वाक्य. तेवढ्यात रेषेपाशी रेंगाळणारा कॅप्टन धावत आला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"मी खरंच बोलत होतो ना, सर?"

"हो. खरं बोलत होतास."

"मग येऊ आत?"

"नाही. ज्या शब्दांत बोललास, त्याचं कार्ड आहे. ते राहणार."

कॅप्टन गेला, या वेळी मुकाट्याने.

खेळ पुन्हा सुरू करायला आता चेंडू गोलकीपरपुढे टाकायचा होता. पंचाने तो उचलला. गोलकीपर अगदी जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, रागावू नका, माहीत नाही म्हणून विचारतो. न बघता शिट्टी मारली, तर कुठलं कार्ड असतं?"

पंचाने घाईघाईने शिट्टी ओठांत धरली. तोंडात शिट्टी असली की बोलावं लागत नाही.