दोन तिकिटं

यादव अहिरेच्या ऑफिसचं दार सुगतने इतक्या जोरात ढकललं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"ओळखलंत? सिंधुबाई गांगुर्डेंचा मुलगा. टोरांटोहून आलोय."

यादवने खुर्ची पुढे केली. सुगत बसला नाही.

आई जाऊन आठवडा झाला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कालच विहारात झाला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. सुगतला ते मान्य नव्हतं. त्याच्या लेखी आईला या तिकीटवाल्याने मारलं होतं, आणि यादवच्या तोंडून ते कबूल करून घेतल्याशिवाय तो नाशिक सोडणार नव्हता.

गोष्ट गेल्या वर्षीची, २००३ सालची. सुगतच्या बायकोला, सरिताला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सुगतने आईला बोलावलं, तिकिटाचे पैसे पाठवले. आई महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. तिकीट काढायला ती एकटीच गेली, मुलीलासुद्धा सोबत नेलं नाही. कॅनडाचा व्हिसा आला तशी कॉलनी हरखून गेली. विहारात सत्कार झाला, हारतुरे झाले. परदेशी जाणाऱ्याला सोडायला आपल्याकडे निम्मी गल्ली विमानतळावर जाते. दोन जीप भरून माणसं गेली. त्यातल्याच एका जीपमधून आई परत आली.

घोळ तिकिटाचा होता. एका सरळ तिकिटाऐवजी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं. मुंबई ते फ्रँकफर्ट एक, फ्रँकफर्ट ते टोरांटो दुसरं. म्हणजे मध्ये उतरून आपली बॅग घ्या, बाहेर पडा, पुन्हा नव्याने रांगेत उभे राहा. बाहेर पडायचं तर जर्मनीचा व्हिसा हवा. तो नव्हता. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे पासपोर्ट परत केला.

शेजारच्या तानुबाई सांगत होत्या, परतीच्या वाटेवर इगतपुरीला सिंधुबाईंनी दोन प्लेट मिसळ खाल्ली. धक्का बसला की माणसाला भान राहत नाही, दुसरं काय! सुगतने लगेच दुसरं तिकीट काढायची तयारी दाखवली, तर आई फोनवर रडली. आता धीर होत नाही रे, म्हणाली.

आणि तिकडे किती रमली होती ती! पहिल्या नातवाच्या वेळी सहा महिने राहिली. सुगत आणि सरिता सकाळी कामावर जात, ते अंधार पडल्यावर येत. दिवसभर आई, बाळ आणि स्वयंपाक. बाहेर जायचं तिने नावसुद्धा काढलं नाही. त्या बर्फात जाणार तरी कुठे म्हणा. मोहिनीशी, म्हणजे मुलीशी, फोनवर बोलायचाही हट्ट केला नाही. फोन महागच होते.

"नातवंडांसाठी झुरून गेली ती," सुगत म्हणाला. "धंदा करता ना? मग एवढं साधं कळत नाही?"

"कळतं."

"मग तिला सांगितलं का नाही?"

यादव गप्प. वर्षभर तो असाच गप्प होता. कॉलनीने त्याच्याकडे येणं बंद केलं, मोहिनीने भर रस्त्यात त्याचे वाभाडे काढले, तरी हूं नाही की चूं नाही. बोलायला तोंडच राहिलं नसेल, असं सगळे समजले.

"साहेब, बाईंनी मला चौथीत शिकवलंय," यादव शेवटी म्हणाला. "त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता."

"कसला शब्द? स्वस्तातली तिकिटं तिच्या गळ्यात मारलीत आणि वर..."

"स्वस्त नव्हती ती. महाग पडत होती. वरचे पैसे बाईंनी पेन्शनमधून घातले."

सुगत खुर्चीत बसला.

"मी दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या होत्या. म्हटलं, बाई, हे एकच तिकीट घ्या, बॅग थेट टोरांटोला जाते. ही दोन घेतलीत तर तुम्हाला मुंबईतूनच परत पाठवतील."

"मग?"

यादवने मान खाली घातली.

"मग त्यांनी मला दोनदा विचारलं, 'नक्की परत पाठवतील ना रे?'"